एकतिसावं प्रकरण

वसंतनाना दुसऱ्याच्या लिखाणावर कधी पेन चालवत नसत. शिसपेन, तीही पुसट. समासात एक बारीकसं टिंब करायचं आणि म्हणणं वेगळ्या कागदावर लिहायचं, हा त्यांचा रिवाज. तो कागद म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू. माझ्या पहिल्या कादंबरीवरचे त्यांचे सगळे शेरे मी ठेवले आहेत. उलटून पाहिलं तर मागे कोणाकोणाचे शुभविवाह आहेत.

"लाल शाई दिसली की माणसाला शाळा आठवते," ते म्हणायचे. "मग तो बरोबर लिहायला लागतो. खरं लिहीत नाही."

नाना धुळ्यातल्या एका छापखान्यात आयुष्यभर होते. आधी अक्षरांचे खिळे जुळवायचे, मग प्रुफं तपासायला लागले. निवृत्तीनंतर जळगावचे प्रकाशक चौधरीभाऊ आपल्याकडे आलेल्या कादंबऱ्या त्यांच्याकडे पाठवू लागले. किती कादंबऱ्या त्या दोन खोल्यांतून सुधारून बाहेर पडल्या, ते चौधरीभाऊंनाच ठाऊक. पुस्तकावर नानांचं नाव मात्र कुठे नाही. एखाद्या लेखकाने ऋणनिर्देशात त्यांचं नाव घातलंच, तर शेवटचं प्रूफ नानांच्याच हातून जायचं. ते आपलं नाव काढून टाकायचे आणि समासात लिहायचे, "अनावश्यक."

मी यावल तालुक्यात शाळेवर शिक्षिका होते, माहेर असोद्याचं. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या बायकांवर एक कादंबरी लिहिली होती आणि ती फार चांगली झाली आहे असं मला वाटत होतं. चौधरीभाऊ म्हणाले, "बाई, एकदा धुळ्याला जाऊन या." मी एसटीने गेले. देवपुरातल्या एका गल्लीत घर. पुढे फरशीचं लहान अंगण, त्यात तुरीच्या काड्यांचा खराटा आणि पाण्याची टाकी. नाना अंगणातच येरझाऱ्या घालत माझी पानं मोठ्याने वाचत होते. संवाद ते नेहमी असे चालत चालत म्हणून बघायचे. गल्लीतल्या लोकांना त्याची सवय झाली होती. कोणी भांडत असल्यासारखा आवाज आला तरी शेजारीण म्हणायची, "नानांचं पुस्तक चालू असेल."

मला बसायला सांगून त्यांनी विचारलं, "बाई, केळीचा चीक कपड्यावर पडला तर डाग निघतो का?"

"नाही," मी म्हटलं. "काळा पडतो. कपडा फाटला तरी डाग जात नाही."

"मग तुमच्या सगळ्या बायका दोनशे पानं स्वच्छ लुगड्यात कशा?"

असोद्यात माझ्या आत्याच्या प्रत्येक लुगड्यावर ते डाग होते. मी रोज बघत होते आणि लिहिताना एकदाही आठवले नव्हते. नानांनी समोर पान धरलं. समासात टिंब होतं.

"हाई कोनी देखं?" त्यांनी विचारलं.

हा त्यांचा प्रश्न होता. एरवी परक्या माणसाशी ते छापील मराठी बोलत, पण हा एक प्रश्न कायम अहिराणीत. हे कोणी पाहिलं? कादंबरीतलं प्रत्येक वाक्य कोणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लेखकाने पाहिलेलं असो, नाहीतर पात्राने. कोणीच पाहिलेलं नसेल तर ते वाक्य कितीही देखणं असलं तरी काढायचं. माझी कादंबरी मी पुन्हा लिहिली. डागांसकट.

त्यांच्याकडे मोठी माणसंही यायची. एक निवृत्त साहेब सहाशे पानांचं बाड घेऊन आले होते. नानांनी महिन्याने ते परत केलं, सोबत एकच लग्नपत्रिका. तिच्यामागे लिहिलं होतं, "पान २१२वर नायकाची आई वारली आहे. पान २४०वर ती चहा करते. विचार व्हावा." साहेब ओशाळले. म्हणाले, "चूक झाली नाना, २४०वरची काढून टाका." नाना म्हणाले, "तीच तर तुमच्या पुस्तकातली एकमेव जिवंत बाई आहे. २१२वरचं मरण काढा." साहेबांनी काढलं म्हणतात. मी त्या दिवशी तिथे नव्हते. हे मला मिलिंदने सांगितलं.

मिलिंद हा नानांचा एकुलता मुलगा. जळगावला पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर होता, तिथेच खोली करून राहायचा आणि दर शनिवारी मोटरसायकलने धुळ्याला घरी जायचा. माझी पानं तोच न्यायचा, तोच आणायचा. प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, डिकीत नाही, शर्टाच्या आत. वडिलांच्या धाकाने. "एक पान दुमडलं तर नाना मला जेवू घालणार नाहीत," असं हसत सांगायचा. स्वतः मात्र कादंबऱ्या वाचायचा नाही. "आमच्या घरी दिवसभर कोणी ना कोणी मोठ्याने वाचत असतं. मला दोन तास गाडीचा आवाज बरा वाटतो."

माझं पुस्तक निघालं तेव्हा जळगावला छोटासा कार्यक्रम झाला. नाना मागच्या रांगेत बसले होते. चौधरीभाऊंनी त्यांना मंचावर बोलावलं तर ते उठले आणि सरळ चहा प्यायला बाहेर गेले. आठवड्याने त्यांचं पोस्टकार्ड आलं. "पान ६१, ओळ नववी. 'माझं घर'मधला अनुस्वार राहिला. दोष माझा. क्षमस्व." मी फोन करून म्हटलं, नाना, कोणाच्या लक्षातही येणार नाही. ते सोमवारी सकाळच्या गाडीने जळगावला आले, चौधरीभाऊंच्या गोदामात पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसले आणि काळ्या पेनने एकेका प्रतीत तो अनुस्वार देत राहिले. दोन दिवस. माझ्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीत एकसष्टाव्या पानावरचा तो ठिपका हाताने दिलेला आहे. बोट फिरवलं तर लागतो.

पुढच्या वर्षी मिलिंद गेला.

शनिवार होता. संध्याकाळी त्याने पारोळ्याहून घरी फोन केला, पाऊण तासात पोचतो म्हणाला. अक्कांनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, वरण-बट्टी करायला घेतली. महामार्गाचं काम चालू होतं. वळणरस्त्यावर एक डंपर दिवे न लावता उभा होता. तो मिलिंदला दिसला नाही.

त्या दिवशी त्याच्याकडे माझी पानं नव्हती. हे मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

मी भेटायला गेले तेव्हा नाना अंगणात बसले होते. खुर्ची होती, तरी टाकीच्या कठड्यावर. लोक येत होते, बसत होते, उठत होते. नाना प्रत्येकाला पाणी विचारत होते. माझ्याजवळ आल्यावर म्हणाले, "बाई, वर्तमानपत्रात त्याचं नाव चुकलंय. मिलींद छापलंय, दीर्घ." आणि आत गेले.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष त्यांनी कोणाचं हस्तलिखित घेतलं नाही. चौधरीभाऊ दोनदा जाऊन आले. अंगणातला आवाज बंद झाला. अक्कांना आधीपासून साखरेचा आजार, त्यात डोळ्यांवर परिणाम झाला. माणूस ओळखू यायचा, अक्षर दिसायचं नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि रोज सकाळी मोठ्या अक्षरातला एखादा मथळा तरी वाचायच्या. तेही थांबलं.

मग एक दिवस नानांचा फोन आला. "बाई, थोडं लिहिलंय. वाचाल?"

"कोणाचं?" मी सवयीने विचारलं.

"माझं."

कादंबरी होती. एकतीस प्रकरणं, मोत्यासारखं अक्षर, खाडाखोड नाही. नाव 'पारोळ्यापुढे'. एक प्रुफं वाचणारा बाप, त्याची बायको, त्यांचा राजा नावाचा मुलगा. दोन खोल्यांचं घर. बापाला दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या माणसांची जितकी काळजी, तितकी घरातल्यांची नाही, आणि ते मुलाला दहाव्या वर्षीच कळलेलं आहे. मुलगा सायकल शिकताना पडतो आणि बाप वर न बघता "पंधरा ओळी राहिल्यात, थांब" म्हणतो, ते प्रकरण वाचून मी बाड खाली ठेवलं आणि उगाच घरातून फिरून आले. इतकं निर्दय स्वतःबद्दल लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. तीस प्रकरणांत एक ओळ काढण्यासारखी नव्हती.

एकतिसावं प्रकरण वेगळं होतं. राजा पारोळ्याहून फोन करतो. आई बट्टीचं पीठ मळते. रस्ता मोकळा आहे. गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज येतो, राजा आत येतो, टाकीवर हातपाय धुतो, जेवायला बसतो आणि वरणात मीठ कमी आहे म्हणतो. आई मीठ वाढते. तिथे कादंबरी संपते.

भाषा सुंदर होती. फार सुंदर. त्या रस्त्यावर धूळ नव्हती, डंपर नव्हते, खोदकाम नव्हतं. राजाच्या अंगाला घाम नव्हता. आधीच्या तीस प्रकरणांत प्रत्येक ताटाला पोचा होता, या ताटाला नव्हता.

मी चार दिवस ते बाड तसंच ठेवलं. हे कसं सांगायचं? आणि सांगायचंच का? नवऱ्याने म्हटलं, "राहू दे. त्यांना जे वाटतं ते लिहू दे." पण मला वाटलं, नानांनी मला वाचायला दिलंय, सांत्वन करायला नाही. दुसऱ्या कोणाच्या पुस्तकाला त्यांनी असं सोडलं नसतं. मग मी शिसपेन घेतली. एकतिसाव्या प्रकरणाच्या समासात एक टिंब केलं आणि घरात होती त्या एका लग्नपत्रिकेच्या मागे तीन शब्द लिहिले. "हाई कोनी देखं?"

तेव्हा मला आपण फार प्रामाणिक आहोत असं वाटलं होतं.

महिनाभर उत्तर नाही. मग मीच गेले. नानांनी दार उघडलं, म्हणाले, "बरोबर विचारलंत," आणि चार पानं हातात दिली. नवं एकतिसावं प्रकरण. मी अंगणातच उभ्याने वाचलं.

त्यात घरी दुसरा फोन येतो. राजाच्याच नंबरवरून. बाप फोन उचलतो आणि पलीकडचं ऐकायच्या आत म्हणतो, "येताना दही आण." पलीकडून एक अनोळखी माणूस विचारतो, "आपण कोण बोलता?" एवढंच. पुढे बाप फोन ठेवतो, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहतो, आणि बायको पाठमोरीच विचारते, "काय म्हणतो?" तिथे संपतं.

"नाना, हे..." मी म्हटलं.

"हे मी पाहिलंय," ते म्हणाले. "हे लिहीपर्यंत दह्याचं कोणाला सांगितलं नव्हतं. अक्कालासुद्धा नाही."

आत अक्का खाटेवर बसलेल्या होत्या. मी पाया पडले. त्यांनी हात चाचपून माझा हात धरला आणि जरा वेळ धरूनच ठेवला. मग म्हणाल्या, "पोरी, तू त्यासले सांगं ना बदलाले?"

मी हो म्हटलं.

"दुपारना जेवन झाया का त्या माले वाची दाखाडेत. बठ्ठं पुस्तक नही. माले तेवढंच पाहिजे. मना पोऱ्या रोज दुपारले घर ये. हात धोये, जेवाले बसे." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तू त्याले वाटमाच थांबाडं."

अक्कांनीच हात सोडला आणि नानांना म्हणाल्या, "तिले च्या द्या."

नंतर नानांनी सांगितलं. जुनं एकतिसावं प्रकरण ते रोज दुपारी अक्कांना वाचून दाखवत होते. मग नवंही त्यांनी वाचून दाखवलं होतं. दह्याच्या वाक्याशी आल्यावर त्या भिंतीला धरून उठल्या आणि आत गेल्या. तेव्हापासून दुपारी वाचन नाही. काही वाचू का विचारलं की नको म्हणतात. मी नानांना म्हटलं, "आपण जुनंच ठेवू. मी चुकले. कादंबरीच आहे ना नाना, कोण विचारतंय?"

"तुम्ही विचारलंत ना," ते म्हणाले. रागाने नाही. "आता मला न विचारल्यासारखं करता येणार नाही. छापायचं ते हेच."

चौधरीभाऊंनी पुस्तक लगेच घेतलं. प्रुफं वाचायला नानांनी नकार दिला. "दुसऱ्याच्या पोराचं नाव मी हजार वेळा तपासीन. इथे डोळा पुढे पळतो." ती मी वाचली. तीन वेळा, मागून पुढे, त्यांनीच शिकवलं होतं तसं, अर्थ लागू नये आणि अक्षरंच दिसावीत म्हणून. तरी शेवटच्या चार पानांत प्रत्येक वेळी अर्थ लागायचाच. मुखपृष्ठासाठी चित्रकाराने रस्ता आणि मोटरसायकल काढून आणली होती. नानांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं, चित्रकाराच्या हाताचं कौतुक केलं, आणि कोरं मुखपृष्ठ ठेवायला सांगितलं. प्रकाशनाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. तुम्हाला ऋणनिर्देशात घालू का असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नको म्हटलं. ते किंचित हसले. मिलिंद गेल्यावर मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

पुस्तक बरं गेलं. फार नाही, पण ज्यांनी वाचलं ते फोन करायचे. नाशिकहून, परभणीहून, एकदा बडोद्याहून. सगळे दह्याबद्दल बोलायचे. एका बाईंनी नानांना फोनवर सांगितलं की ते वाक्य वाचून त्यांनी उठून आपल्या मुलाला फोन लावला. नाना "हो, हो" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. चौधरीभाऊंनी पुढच्या कादंबरीचं विचारलं तर म्हणाले, "माझी एकच होती."

मी त्यांच्याकडे जायचं टाळू लागले. खरं कारण अक्का. त्या मला काही बोलल्या असत्या असं नाही, चहाच दिला असता. तेच नको होतं.

शेवटी एप्रिलमध्ये जावंच लागलं. दुसरी आवृत्ती निघाली होती आणि लेखकाच्या प्रती चौधरीभाऊंनी माझ्याकडे दिल्या होत्या. धुळ्याला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, ऊन डोळ्यांत जात होतं. नानांचं दार अर्धं उघडं होतं, वाऱ्यासाठी. मी चपला काढल्या आणि हाक मारणार, तेवढ्यात नानांचा आवाज आला. ते वाचत होते.

अक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. नाना खाली, खाटेला पाठ लावून, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर पुस्तक. तेच कोरं मुखपृष्ठ, शेवटाजवळ उघडलेलं.

"गल्लीच्या तोंडाशी गाडीचा आवाज आला," नाना वाचत होते. "आई उठली नाही. तिला माहीत होतं, आधी तो टाकीवर जाईल..."

मी त्या पुस्तकाची प्रुफं तीन वेळा वाचली होती. त्या पानावर काय छापलं आहे ते मला अक्षर न् अक्षर पाठ होतं. तिथे दही होतं, मीठ नव्हतं. नाना एकेका शब्दावर न अडता वाचत होते, बोट ओळीवरून सरकत होतं, ओळ संपली की खाली येत होतं.

"मीठ कमी शे म्हने का तो?" अक्कांनी डोळे न उघडता विचारलं.

"म्हनस ना. आईक पुढे."

त्यांनी वाचलं. राजा जेवला. आईने मीठ वाढलं. मग अक्कांनी हात पुढे करून पुस्तक चाचपलं, पानावर तळवा ठेवला.

"आनि हाई छापेल शे ना? बठ्ठा लोके असंच वाचतंस ना?"

नानांनी मान वर केली आणि दारात उभी असलेली मी त्यांना दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नजर वळवली नाही, मला खूणही केली नाही.

"हा," ते म्हणाले. "छापेल शे."

मी प्रतींचा गठ्ठा उंबऱ्याच्या आत, आवाज न करता, खाली ठेवला, चपला हातात घेतल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत तापलेल्या फरशीवरून तशीच अनवाणी चालत गेले.